ऑक्टोबरची भूमिती

वारा फिरला की मला आधी साडीवरून कळतं. नालासोपाऱ्याच्या आचोळ्यात माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत वाळत घातलेली साडी पावसाळाभर घरात शिरायला बघत असते. मग एका सकाळी तीच साडी बाहेरच्या बाजूला फुगते. पश्चिमेचा ओला वारा गेला, डोंगराकडचा कोरडा वारा आला. पाचूबंदरचे कोळी त्याला मतलई म्हणतात. दुपारी डांबर चपलेला चिकटायला लागतं, खालचा भाजीवाला डोक्यावर ओला पंचा टाकून बसतो, आणि इमारतीतली माणसं ‘काय हो हे ऑक्टोबर हीट’ असं एकमेकांना जिन्यात ऐकवतात. मला उकाड्याचं काही वाटत नाही. माझ्या डोक्यात एकच येतं, आली नापासांची परीक्षा.

हो, नापासांची. मार्चच्या परीक्षेचे काय लाड असतात! देवळात गर्दी, दही-साखर, सेंटरबाहेर अख्खं खानदान उभं. ऑक्टोबरची परीक्षा मात्र चोरपावलांनी येते. तिला बसणारी पोरं गल्लीतून जाताना पट्टी-कंपास पिशवीत लपवून नेतात. कुणी विचारलं तर ‘मित्राकडे चाललोय’ म्हणतात. माझे केस काळे होते तेव्हापासून मी भूमिती शिकवते, आणि सांगते, मला ही ऑक्टोबरवाली पोरंच जास्त आवडतात. एकदा आपटलेलं माणूस प्रश्न नीट वाचतं.

शाळेत मला मागून ग्रीकबाई म्हणतात. मला ठाऊक आहे, त्यात दुखावण्यासारखं काही नाही. खोड माझीच. नव्या वर्गात कंपास उघडायच्या आधी मी हटकून सांगते, की बाळांनो, तुम्ही वर्तुळाच्या मधोमध टोक रोवता आणि त्याला केंद्र म्हणता, तो शब्द मूळ ग्रीकांचा. जहाजांबरोबर आला आणि राहिला. घरी पंचांगात होरा बघतात, तोही त्यांचाच. पत्रिकेतल्या बारा राशींनाही त्यांचं पाणी लागलेलं आहे. पोरं जांभया देतात. स्टाफरूममध्ये शेजारी बसणारी फिलोमिना मात्र ऐकते, कारण तिचं नावच मुळात ग्रीक. तिच्या आईला चर्चमधल्या जुन्या मिस्सेच्या प्रार्थनेतले दोन ग्रीक शब्द अजून पाठ आहेत. अर्थ विचारला की म्हातारी म्हणते, “देवाला कळतो, पुरे झालं.” एवढ्या लांबच्या, केव्हाच मातीत गेलेल्या माणसांचे दोन शब्द गिरिज गावातल्या एका म्हातारीच्या तोंडी जिवंत असावेत, याचं मला आजही नवल वाटतं.

आणि आपलं सोपारा! आज नालासोपारा म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण त्या ग्रीक दर्यावर्द्यांच्या नोंदींत या बंदराचं नाव आहे. आता खाडी गाळानं भरली. बुरूड राजाच्या कोटात तो विटांचा स्तूप तेवढा उरलाय. मी रविवारी तिथं जाऊन बसायचे. का म्हणाल तर तिथं ‘एकट्याच आलात?’ असं विचारणारं कुणी नसायचं. त्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची, जहाजं पावसाळी वाऱ्यावर इकडे यायची, आणि परत जायला वारा उलटा व्हायची वाट बघत पडून राहायची. पुस्तकांत त्यांचा माल लिहिलेला असतो, मद्य काय, मिरी काय, कापड काय. वाट बघणाऱ्याच्या दुपारी कुणी लिहून ठेवत नाही. घरदार दूर, भाषा कुणाला कळत नाही, बाजारात सगळे ओळखतात पण जेवायला कुणी बोलवत नाही. असा एखादा त्या वाळूत बोटानं वर्तुळं काढत बसला असेल, असं मला वाटायचं. मला तो दिसायचा म्हणा ना. एकट्या माणसाला असले शेजारी जोडावे लागतात.

एकटी होतेच मी, त्यात लपवायचं काय? गिरगावातली चाळीची खोली सोडून आई आणि मी इथं आलो, आणि तीनेक पावसाळ्यांत आई गेली. भाऊ बडोद्याला. लग्न जमलं नाही, मग जमवायचं राहिलं, मग लोकांनी विचारायचंही सोडलं. शाळेतून आलं की कुलूप मीच उघडायचं. एकटीची आमटी कधी बेताची होत नाही, ती दोन दिवस पुरते आणि दुसऱ्या दिवशी ती आमटी आपल्याकडे बघत बसते. मी कुकरशी बोलायचे. “झाली का रे तिसरी शिट्टी?” त्याचं उत्तर तरी यायचं. असे ते दिवस, नव्वदीच्या मध्यावरचे.

त्यातल्याच एका श्रावणात, गणपतीच्या आधी, दारावर थाप पडली. बाहेर तिशी ओलांडलेली एक बाई, केसांत अबोली, हातात दप्तराऐवजी वाणसामानाची पिशवी.

“भूमितीच्या बाई त्या तुमीच ना? माजी भाची तुमच्या वर्गात हाय.”

“भाचीचं काय म्हणणं आहे?”

“भाचीचं काय नाय. मना शिकवाल का?”

ही हिरा. माहेर आचोळ्याचं, सासर जूचंद्रचं. गावातल्या अंगणवाडीत ती मदतनीस होती. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची, आणि सेविका नसली की गाणी-गोष्टीही तीच सांगायची. ती सेविका आता लग्न करून पुण्याला चालली होती. जागा हिराला मिळाली असती, पण त्याला दहावी पास पाहिजे. दहावीत तिचं गणित राहिलेलं, लग्नाआधीपासून. बीजगणित ती कसंबसं ओढायची, भूमितीत गाडी फसायची. दोनदा बसली, दोनदा आपटली. या ऑक्टोबरात सुटली नाही, तर बाहेरगावची कुणीतरी येऊन बसणार आणि हिरा जन्मभर तिच्या हाताखाली कढई घासणार. हे सगळं तिनं उंबऱ्यात उभं राहूनच सांगितलं.

“आत ये आधी,” मी म्हटलं. “चहा घेतेस?” दोन कप चहा टाकताना माझा अंदाज चुकला. हात एकाच कपाला सरावलेला.

मग ती दर दुपारी यायला लागली. कागदावर आकृती काढायची म्हटलं की खोडून खोडून भोक पाडायची. एक दिवस वैतागून म्हणाली, “बाई, जमिनीवर काडू?” आणि पिशवीतून रांगोळीची पुडी काढली. जूचंद्र म्हणजे रांगोळीचं गाव, तिथल्या बाईच्या हाताला रांगोळी शिकवावी लागत नाही. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून तिनं माझ्या शहाबादी फरशीवर असं वर्तुळ सोडलं, की मी कंपास घेऊन तपासलं तर रेघभर फरक नाही. त्यात जीवा, स्पर्शिका, चौकोन. माझ्या बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरायची नाही. मला मनातून फार बरं वाटायचं. रिकाम्या घरातली फरशी भरली होती.

पण त्या सुंदर आकृत्यांनीच घात केला. हिराचा डोळा इतका तयार, की ती सिद्ध काही करायचीच नाही. विधान लिहायची: हे दोन कोन समान. समोर कंसात कारण लिहायची: दिसतात म्हणून.

“अगं, दिसतात म्हणजे काय?”

“बगा ना तुमी. हायेत का नाय सारकं?”

“आहेत. पण का आहेत?”

यावर ती आकृतीवरून पुन्हा बोट फिरवायची. मग मी उठून मुद्दाम एक वेडावाकडा त्रिकोण काढायचे, कोळ्याच्या फाटक्या शिडासारखा, आणि म्हणायचे, “आता यात दिसत नाही ना काही? आता सिद्ध कर.” ती रडकुंडीला यायची. एकदा तिनं वहीत कारण लिहिलं: बाईंनी सांगितले म्हणून. मी आधी हसले, आणि मग अशी भडकले की विचारू नका. “मी सांगितलं म्हणून खरं असतं, तर भूमिती कशाला पाहिजे होती गं? मी चुकीचं सांगितलं तर? माझ्या तोंडाकडे बघू नकोस. पक्ष बघ. काय दिलंय? तिथून एक एक पाऊल चालत ये. मध्ये कुणाचा हात धरायचा नाही. माझासुद्धा नाही.”

ग्रीकांनी जगाला काय दिलं असं विचारलं, की लोक खांब दाखवतात, पुतळे दाखवतात. मला विचाराल तर त्यांची खरी देणगी म्हणजे तो कंसातला कारणाचा रकाना. मोजणी-मापणी काय, आपल्याकडे होती, इजिप्तमध्ये होती. यज्ञाच्या वेदी काय डोळे मिटून रचल्या नव्हत्या कुणी. पण ‘राजा म्हणतो म्हणून’ हे कारण चालणार नाही, ‘वाडवडील म्हणत आले म्हणून’ हेही नाही, जे सांगशील ते समोरच्याला, मग तो कुणी का असेना, पायरी-पायरीनं पटवून दे, हा हट्ट त्यांनी धरला. त्यांच्या स्वतःच्या घरात त्यांनी तो बायकांना आणि गुलामांना चालू दिला नाही, हेही खरं. पण हट्ट एकदा वाऱ्यावर सुटला की धन्याचा राहत नाही. तो इतक्या समुद्रांवरून, इतक्या भाषांतून फिरत फिरत आचोळ्याच्या दुसऱ्या मजल्यावर आला आणि हिराच्या हाती लागला.

लागला तो चांगलाच लागला. भाद्रपद संपता संपता ती सगळ्याला कारण मागायला लागली. “बाई, काल सासूला इचारलं, मंगलवारी नखं का नाय कापाची? कारन सांगा.”

“मग काय म्हणाल्या?”

“बोलली, मी तुजी सासू हाय, ह्येच कारन.” आणि आम्ही दोघी रांगोळी विस्कटेपर्यंत हसलो.

त्या दिवसांत मी कुकरशी बोलायचं विसरून गेले होते. शाळा सुटली की पाय घरी ओढ घ्यायचे. रविवारी कोटावर जायचंही बंद झालं. पण मधूनच एक विचार टोचायचा. ही पास झाली की काय? पास झाली की ही कशाला येणार? शिकवणाऱ्या बाईनं असा विचार करू नये, पण यायचा खरा.

नवरात्र उजाडलं. हळवं भात पिवळं झालं. आणि एका दुपारी हिरा आली ती पिशवीशिवाय.

“बाई, मी पेपराला नाय बसत.”

“कारण?” मी सवयीनं विचारलं.

कारण असं होतं. त्यांच्याकडे कापणी एकमेकांच्या हातांनी व्हायची. आज तुमची माणसं आमच्या शेतात, उद्या आमची तुमच्या. पावसानं भात लोळायच्या आत सगळ्यांचं घरात यावं म्हणून पिढ्यान् पिढ्या चालत आलेली रीत. शेजारच्या घरानं हिराच्या शेतात दोन बायका पाठवल्या होत्या, आणि त्या घराची कापणी नेमकी भूमितीच्या पेपराच्या दिवशी आली होती. जायचं कुणी? सासूनं आणि हिरानं. नवरा भाईंदरला कारखान्यात पाळीवर, तो कापणीत धरायचाच नाही.

मी तशीच उठले, पायात चपला सरकवल्या आणि तिच्याबरोबर जूचंद्रला गेले. तिची सासू काशीबाय ओट्यावर दगडावर विळा घासत बसली होती. हाडकुळी, गुडघ्यापर्यंत कासोटा, नाकात एवढी मोठी नथ. मान वर न करता म्हणाली, “तुमीच का त्या कारनवाल्या बाई?”

“मावशी, एका दिवसाचा प्रश्न आहे. हिरा दुसऱ्या दिवशी दुप्पट काम करेल.”

“भात थांबंल का दुसऱ्या दिसाला? आमच्यात दिसाला दीस. त्यांनी दोन मानसं धाडली, आमच्याकडनं दोन जातील.”

“मजूर लावला तर?”

विळा थांबला. “रोजावर मानूस लावून शेजाऱ्याचा दीस फेडाचा? मंग गावात तोंड कुठं दाखवू?”

माझ्यातली भूमितीची बाई पक्ष तपासायला लागली. काय दिलंय? दोन माणसं. कुठली दोन?

“मावशी, ती माणसं हिरा आणि तुम्हीच पाहिजेत, असं आहे का?”

काशीबायनं विचार केला. तिच्या जागी दुसरी असती तर सरळ हो म्हणाली असती. ही म्हणाली, “नाय. आमच्या घरानं धाडलेली पायजेत. बस.”

“मग मला धाडा.”

हिरानं तोंडाला पदर लावला. काशीबायनं मला पायाच्या नखापासून चष्म्यापर्यंत बघून घेतलं. “इळा धरलाव कवा?”

“कधीच नाही.”

“मंग?”

“हिरानं तरी कोनमापक कुठं धरला होता?”

म्हातारी हसली नाही. विळ्याची धार अंगठ्यानं बघत म्हणाली, “ऊन चडाच्या आदी या.”

कापणीच्या दिवशी मी किरकोळ रजा टाकली. हिरा इस्त्रीची साडी नेसून, कपाळाला देवीचा अंगारा लावून वसईच्या सेंटरकडे गेली, आणि मी तिची जुनी साडी खोचून बांधावरून खाली उतरले. जमीन वरून कोरडी, आतून अजून मऊ होती. डाव्या हातात भाताच्या काड्यांची मूठ, उजव्या हातात विळा, सपकन ओढायचा, मूठ मागं पसरून टाकायची. बघायला किती सोपं! बायका ओळ धरून उभ्या राहिल्या, प्रत्येकीला एक पट्टा, आणि वारा सुटावा तशा निघाल्या. गप्पा चालू, गाणी चालू, हात चालू. मी चार मुठी कापेपर्यंत त्या पुढं. दहा कापेपर्यंत त्यांचे आवाज तेवढे ऐकू यायला लागले. पातीनं हात ओरबाडले, कुसं गळ्यात शिरली, कंबरेनं जाब विचारला. मान वर केली तर दोन्ही बाजूंनी कापलेलं रान, आणि मध्ये माझ्या पट्ट्याचं उभं भात, आणि त्यात मी. लाज वाटली. शेतात एवढी माणसं असून मी परत आपली एकटीच, असंही वाटलं, आणि डोळ्यांत पाणी आलं.

मग समोरून सपसप ऐकू आलं. काशीबाय स्वतःचा पट्टा संपवून शेताच्या त्या टोकाला गेली होती, आणि माझा पट्टा उलट्या बाजूनं कापत माझ्याकडे येत होती. मध्यावर आम्ही भेटलो. शेवटची मूठ तिनं मला कापू दिली.

दुपारी बांधावर जेवायला बसलो. “मासली चालत नाय ना तुमाला?” म्हणत कुणीतरी माझ्या भाकरीवर मिरचीचा ठेचा ठेवला आणि स्वतःच्या भाकरीवर सुकट. “कारनवाल्या बाई, पानी घ्या.” नाव गावभर झालं होतं. इतक्या जणींनी मिळून मला जेवायला बसवलं, असं आई गेल्यापासून पहिल्यांदाच घडत होतं.

ऊन कलताना हिरा बांधावरून येताना दिसली, चपला हातात. मी विळा टाकून पळाले.

“बाई, मी सगलं इसरली.”

“सगळं?” मी विचारलं.

“पाठ केलेलं येक आठवंना. चक्रीय चौकोनाचं इचारलेलं. आकृती काडली, पन दिसत व्हतं ते मी लिवलं नाय. गप बसली. घंटा झाली मदली. मंग तुमी बोलल्या तसं, काय दिलंय तितनं चालत गेली. पुस्तकातल्यासारकं नाय झालं. माजंच झालं काय तरी. पन परतेक वलीला कारन लिवलंय.”

मी तिथंच भाताच्या पेंढ्यांवर बसून तिच्याकडून सगळी सिद्धता वदवून घेतली. आडवळणाची होती, तीन ओळींचं काम तिनं दहा ओळींत केलं होतं, पण एकही पायरी निसटली नव्हती. पुस्तकाला सोडून लिहिलेलं तपासणाऱ्यानं मानलं पाहिजे, एवढाच घोर. तो घोर मी निकालापर्यंत एकटीनं उशाशी घेऊन झोपले.

तपासणाऱ्यानं मानलं. देव त्याचं भलं करो. हिरा पास झाली, काठावर का होईना, आणि अंगणवाडीची सेविका झाली. पेढे घेऊन आली, माझ्या पाया पडली, खूप बोलली. मग एकदा संक्रांतीला आली. मग पोरांचे लसीकरणाचे दिवस, तालुक्याच्या मीटिंगा, घरचं. तिचं काही चुकलं नाही. मलाच दुपारी दोन कप चहा टाकायची सवय लागली होती, ती मोडायला वेळ लागला. फरशीच्या फटींत रांगोळीची पांढरी पूड कितीतरी दिवस निघत राहिली.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी, सकाळी सकाळी दार वाजलं. काशीबाय! हातात काही नाही, कासोटा घातलेला, जणू शेतावरच आली आहे.

“काय मावशी, हिरा बरी आहे ना?”

“तिला काय धाड भरली? तुमचा दीस हाय आमच्यावर. फेडाला आयली.”

मला कळेचना. मग प्रकाश पडला. मी त्यांच्या घरच्या वतीनं एक दिवस कापणी केली होती. आता त्यांच्या घरानं माझं एक दिवसाचं काम करायला हवं होतं.

“अहो, काहीतरीच काय! मी काय त्या हिशोबानं आले होते?”

“तुमी कशानंबी आल्या. सांगा, काम काय हाय?”

काम! एका बाईच्या दोन खोल्यांत काम ते काय असणार? तिनं केर काढला, पुन्हा काढला. धुतलेली भांडी परत धुतली. एक ताट, दोन वाट्या, एक पातेलं. गॅलरीतली तुळस उकरली. तांदूळ निवडायला मागितले, त्यात खडा सापडेना म्हणून चिडली. दहा वाजता काम संपलं. ती खोलीच्या मधोमध उभी राहून इकडेतिकडे बघत राहिली, आणि मला माझ्या घराची शरम वाटली. एवढं रिकामं घर तिनं आजवर पाहिलं नसेल.

“झालं की मावशी. फिटला दिवस. जा आता, उन्हाच्या आत पोचाल.”

“दीस मावलल्याबिगर कशी जाव?” असं म्हणून ती भिंतीला टेकून खाली बसली.

आणि बसून राहिली. मी वरण-भात लावला, दोघींचा. तिनं आईच्या फोटोकडे बोट करून “कशानं गेली?” विचारलं. मी सांगितलं. इतक्या वर्षांत कुणाला नीट सांगितलं नव्हतं, ते दवाखान्यातल्या दिवसांचं सगळं सांगितलं. ती मध्ये बोलली नाही. समजूत घातली नाही. नुसतं ऐकून घेतलं. जेवणं झाली, आणि ती पदर डोक्याखाली घेऊन फरशीवर आडवी झाली. थोड्या वेळानं घोरायला लागली. मी पेपर तपासायला घेतले होते, ते तसेच राहिले. माझ्या घरात दुसरं माणूस झोपलं होतं. तो आवाज ऐकत मी बसले, आणि खूप रडले, तिला जाग येऊ नये म्हणून तोंडात पदर धरून.

ऊन खिडकीवरून उतरलं तेव्हा ती उठली, तोंड धुतलं, चहा प्यायली. दारात गेली.

मला एकदम भीती वाटली. हे आता फिटलं, म्हणजे संपलं. भूमितीत सिद्धतेखाली शेवटी ‘हेच सिद्ध करायचे होते’ असं लिहून रेघ मारतात, त्या रेघेच्या खाली कुणी काही लिहीत नाही. आजवर मी हजारदा ती रेघ मारली होती आणि मला तिचा अभिमान होता. त्या संध्याकाळी मला ती नको होती.

“मावशी,” मी म्हटलं, “आता काही राहिलं नाही ना?”

काशीबायनं चपला घातल्या. “राह्यलं कसं नाय? तुमी त्या दिशी अर्दाच पट्टा कापलाव. अर्दा मी कापला. म्हंजे तुमचा दीस अर्दा भरला. मी आज आखा दिलाय. अर्दा दीस तुमच्यावर हाय. पुडल्या कापनीला या फेडाला.”

आणि जिना उतरून गेली. मी दारात उभी राहून वेड्यासारखी हसत होते. केवढं अचूक कारण! एकही पायरी निसटलेली नव्हती.

पुढच्या कापणीला मी गेले नाही. कापणी नव्हतीच. त्या पावसाळ्याच्या आधीच शेजारच्या घरानं शेत विकलं, मग हिराच्या घरानं, मग ओळीनं सगळ्यांनी. त्यावर भराव पडला, सळया उभ्या राहिल्या, आणि बघता बघता खिडक्यांत दिवे लागले. काशीबाय त्यानंतर एक पावसाळा काढून गेली. हिरा अंगणवाडी चालवते, रस्त्यात भेटली की वाकून नमस्कार करते, “या ना बाई घरी” म्हणते. येते येते म्हणताना वर्षं जातात. पुढल्या वर्षी मी निवृत्त होईन. मग ऑक्टोबरची पोरंही यायची नाहीत.

काल साडी बाहेरच्या बाजूला फुगली. मी आमटी केली, नेहमीसारखी जास्त झाली. जूचंद्रला आता भात पिकत नाही, दिवस मागायला येणारी म्हातारी नाही. तो अर्धा दिवस माझ्यावर तसाच आहे, आणि फेडायचा कुठं ते कुणी सांगू शकणार नाही. मला तो फेडायचाही नाही. या एवढ्या मोठ्या गावात मी अजून कुणाचं तरी काही लागते.